चाकांवरचं माहेर

सोलापूरजवळच्या बाळ्यातल्या आप्पांना एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लग्नाच्या मांडवात शिरले की ते आधी ओरडतात, "पुढं सरका, पुढं मोकळं हाय." आणि गंमत म्हणजे लोक सरकतात. वऱ्हाडी सरकतात, आचारी सरकतात, एकदा तर नवरदेव अंतरपाटाच्या पलीकडे निघाला होता. आप्पांचं खरं नाव शिवप्पा, पण ते आता पेन्शनच्या कागदापुरतं उरलंय. सगळ्या बाळ्याला ते कंडक्टर आप्पा म्हणूनच माहीत आहेत.

सगळी उमर चालत्या गाडीत उभं राहून गेल्यामुळे त्यांना घरातही धड बसवत नाही. चहा प्यायचा तरी एक हात खिडकीच्या गजाला लागतो. अर्धा महाराष्ट्र त्यांनी पाहिलाय, पण तो स्टँडपुरता. कोल्हापूर म्हटलं की त्यांना तिथलं कॅन्टीन आठवतं, महाबळेश्वर म्हटलं की कंट्रोलरची केबिन. कुणी तिथल्या थंड हवेचं कौतुक करू लागलं की आप्पा म्हणतात, "आमी उतरलो कुटं? लगीच गाडी परत फिरायची की."

त्यांचा ड्रायव्हर मैनुद्दीन. एकाच गाडीवर दोघांनी नोकरी काढली. जोडी इतकी जुनी की एकाला ठसका लागला तर दुसरा पाणी पितो. आज दोघेही निवृत्त आहेत, पण शिस्त तीच. मागे आप्पा बसलेले असले तर मैनुद्दीन स्वतःची स्कूटरसुद्धा डबल बेल मिळाल्याशिवाय हलवत नाही. आप्पा मागून तोंडानं "टिंग टिंग" म्हणतात, मग स्कूटर निघते. थांबायचं असेल तर एकच "टिंग". भर चौकात हे ऐकून लोक हसतात, पण त्या दोघांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते अजून कळलेलं नाही.

तर अशा या आप्पांच्या घरात खरा कारभार चालतो गोजरबाईचा. बाई कामाला वाघ, बोलायला तिखट आणि मनानं लोणी, पण नेमाला पक्की. लेकीच्या सासरी पाण्याचा घोट घ्यायचा नाही आणि रात्र काढायची नाही, हा नेम तिला तिच्या आईकडून आला. आई बाळ्याला यायची ती स्वतःचा तांब्या घेऊन. उंबऱ्याबाहेर टेकायची, लेकीकडे डोळे भरून बघायची आणि शेवटच्या गाडीनं परत जायची. तेव्हा गोजरबाईला आईचा राग यायचा, ती गेली की मोरीत जाऊन रडायची. आणि पुढे स्वतःची लेक दिल्यावर तिनं तस्संच केलं, फक्त तांब्याऐवजी प्लास्टिकची बाटली घेऊन. माणसं अशी का वागतात ते मला विचारू नका.

लेक वैष्णवी दिलीय उजनीच्या काठच्या एका गावात. केळीचा बाग, दारात म्हैस, जावई विरेश शांत स्वभावाचा, सासू सुगलाबाई मायाळू. नाव ठेवायला जागा नव्हती. गोजरबाई सकाळच्या गाडीनं जायची, अंगणात आपली बाटली घेऊन बसायची, आपला डबा खायची आणि अंधाराच्या आत घरी यायची. गेल्या वर्षी वैष्णवीचं डोकं फिरलं. तीही शेवटी गोजरबाईचीच लेक. म्हणाली, "आई, माझ्या घरी तू एक रात्र काढ. तवर मी म्हायेरी पाऊल टाकायची न्हाय." आणि खरंच टाकलं नाही. गेल्या पंचमीला दारातल्या लिंबाला बांधलेला झोका रिकामाच हलत राहिला. गोजरबाईनं महिनाभर पुरणपोळीचं नाव काढू दिलं नाही. आप्पांना ते फार लागलं. एका बाजूला बायको, एका बाजूला लेक, आणि मधे हे दोरी धरून उभे.

अशात एके दिवशी मैनुद्दीननं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातलं म्हातारं जोडपं घरासारखी गाडी घेऊन फिरत होतं. आत पलंग, आत स्वयंपाक. जिथं मन लागेल तिथं गाडी उभी करायची आणि झोपायचं.

आप्पांनी तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाले, "मैनुद्दीन, ही गाडी लेकीच्या दारात लावली तर राहिलं कुणाच्या घरी म्हणायचं?"

"ज्याची गाडी त्याच्या घरी," मैनुद्दीन म्हणाला.

आप्पांनी हे गोजरबाईला सांगितलं तेव्हा ती परातीत पीठ मळत होती. वेड लागलंय का असं विचारील, म्हणून ते आधीच दोन पावलं मागे सरकून उभे होते. गोजरबाईनं मळणं थांबवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "चूल आत असंल तर बघू."

वरच्या खोलीवर स्लॅब टाकायला थोडे पैसे ठेवले होते. स्लॅब राहू दे, पत्रा काय वाईट आहे, असं ठरलं. या पैशात नवी घरगाडी सोडाच, तिचं दारही आलं नसतं. पुण्यातल्या एका डीलरला फोन करून पाहिला, तर त्यानं किंमत सांगितली आणि आप्पांनी दचकून सिंगल बेल दिली. शिवाय त्या गाडीत संडास शेगडीला चिकटून होता. ते ऐकून गोजरबाई दिवसभर तोंडावर पदर धरून हिंडत होती.

मग राहिली जुनी गाडी. मैनुद्दीनचा भाचा बिलाल हैदराबाद रोडला जुन्या गाड्यांची एजंटी करतो. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला, गोडबोल्या माणूस. गाडी घेताना तिघांच्या तीन परीक्षा ठरल्या. मैनुद्दीन इंजिन ऐकणार. आप्पा बेलची दोरी बांधायला जागा बघणार. आणि गोजरबाई आत बसून एक भाकरी करणार. भाकरी फुगली तर गाडी घर, नाही फुगली तर गाडी नुसती गाडी.

हसण्यावारी नेऊ नका. गाडीत फटी असतील तर वाऱ्यानं शेगडीची आच हलते आणि भाकरी फुगत नाही. बूड एकीकडे कललं असेल तर परात सरकते. छत बुटकं असेल तर थापताना कोपर अडतं. गोजरबाई पिशवीत शेगडी, तवा, परात, ज्वारीचं पीठ आणि सोबत शेंगाची चटणी घेऊनच अड्ड्यावर यायची. करून झालेली भाकरी टाकायची कशी, म्हणून ती बिलालला द्यायची. आणि इथंच सगळा घोटाळा झाला.

बिलालनं पहिली गाडी दाखवली ती जुनी ॲम्ब्युलन्स. पलंग तयारच होता. मैनुद्दीननं ती फिरवून पाहिली, तर ब्रेक दाबला की सायरन वाजायचा. चौकात सगळं सोलापूर बाजूला झालं. उभ्या जन्मात एसटीला कुणी वाट दिली नव्हती, त्यामुळे मैनुद्दीनचे डोळे पाणावले. तो उगाचच पुन्हा पुन्हा ब्रेक दाबू लागला. आत गोजरबाई भाकरी थापत होती. सिग्नलला लोक काचेतून डोकावले, तर पेशंट स्वतःच पिठाचे हात वर करून "काय हाय?" असं खुणेनं विचारतोय.

भाकरी फुगली, पण आप्पा म्हणाले, "ही गाडी लेकीच्या दारात थांबली तर आख्खं गाव रडत ईल."

ते सगळ्यांना पटलं. बिलालनं भाकरी खाल्ली, चटणीचं बोट चाटलं आणि म्हणाला, "चाची, उद्या आनखी एक बघू. जेवायच्या टायमालाच या."

दुसरी होती निवडणुकीतली प्रचाराची गाडी. मागे कुठल्याशा उमेदवाराचं हात जोडलेलं मोठं चित्र. ते असं चिकटलेलं की खरवडलं तर पत्राही निघाला असता. गोजरबाईनं तवा ठेवला तोवर बाहेर तीन बायका येऊन उभ्या राहिल्या. नळाला पाणी येत नाही, गटार तुंबलंय, आणि आता कशाला तोंड दाखवायला आलात, असं सगळं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. आप्पांनी सवयीनं "पुढं सरका" म्हटलं, तर त्या सरळ गाडीत शिरल्या. गोजरबाईनं तिघींचं ऐकून घेतलं, प्रत्येकीला चतकोर भाकरी दिली आणि गटाराचं मी बघते असं सांगून बसली. त्या पायी पुढे आप्पांना तीनदा महापालिकेच्या झोन ऑफिसला जावं लागलं. गटार अजून तसंच आहे.

त्यानंतर मात्र बिलालच्या गाड्या दिवसेंदिवस विचित्र होत गेल्या. एकदा बर्फाच्या लाद्या वाहणारा टेम्पो, ज्यात शेगडी पेटवूनही गोजरबाईला हुडहुडी भरली. एकदा कोंबड्यांच्या पिंजऱ्याची गाडी. आणि एका दुपारी तर त्यानं पाण्याचा टँकर दाखवला.

"ह्याच्यात काय कमी हाय चाची?" बिलाल म्हणाला. "चारी बाजूनं बंद. वारा शिरायचा सवालच न्हाय."

"दार कुटं हाय?" गोजरबाईनं विचारलं.

"वरून."

गोजरबाईनं मान वर करून टँकरच्या झाकणाकडे पाहिलं. "मी ह्या वयात झाकणातनं घरात उतरू?"

"वहिनी, पाण्याची काळजी तर मिटली की," मैनुद्दीन म्हणाला. त्याला भाच्याची बाजू सांभाळायची होती. पण बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि तो इंजिन ऐकायला निघून गेला.

त्या दिवशी भाकरी टँकरशेजारी जमिनीवर बसून केली आणि बिलालनं दोन खाल्ल्या. बोटं चाटणाऱ्या बिलालकडे बघता बघता आप्पांच्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस गाडी विकतच नव्हता, हा जेवत होता. पंचमी तोंडावर आली होती आणि ह्याचा रोजचा डबा सुरू होता. आप्पांचा संताप झाला. पण त्यांना रागावता येत नाही. नोकरीत फुकट्या प्रवाशालाही ते आधी "कुटनं बसलात?" असं मायेनं विचारायचे. त्यांनी घरी येऊन गोजरबाईला सांगितलं. तिनं ऐकता ऐकता पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी ती अड्ड्यावर आली ती रिकाम्या हातानं. शेगडी नाही, पीठ नाही. बिलालनं पिशवी शोधली, मग मामाकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

"आजपासनं भाकरी बंद," गोजरबाई म्हणाली. "माजी लेक वर्षभर घरी न्हाय आली. तू पोट भरत बसलाईस. गाडी मिळंल त्या दिवशी भाकरी."

बिलालचं तोंड एवढंसं झालं. तो कान पकडत म्हणाला, "चाची, दिल में खोट नहीं था. घरवाली डाएटपे है, सो मेरेकू भी भाजीच देती." आणि शेडच्या मागे गेला. तिथं ताडपत्रीखाली एक गाडी पहिल्या दिवसापासून उभी होती. त्यानं ताडपत्री ओढली.

शाळेची पिवळी मिनीबस. बंद पडलेल्या शाळेची. पायऱ्या लहान पोरांच्या मापाच्या, म्हणजे गोजरबाईच्या गुडघ्यांच्याही मापाच्या. खिडक्यांना गज, म्हणजे आप्पांना चहा पिताना धरायला सोय. मैनुद्दीननं इंजिन ऐकलं आणि नुसती मान डोलावली. बिलालनं स्वतः पळत जाऊन पीठ आणलं, शेगडी आणली, कुणाकडून तरी परातही आणली. भाकरी तव्यावर टम्म फुगली. गोजरबाईनं ती बिलालच्या हातावर ठेवली आणि आप्पांना म्हणाली, "घ्या ही गाडी."

मागची बाकं काढून तिथं घरातला दिवाण बसवला. शेगडीला ओटा केला. आप्पांनी बैलाच्या गळ्यातली घंटा आणून पुढे टांगली आणि दोरी थेट दिवाणापर्यंत ओढली. शाळेचं नाव खरवडून काढलं, पण मागचं "मुलं आहेत, अंतर राखा" तसंच राहिलं. मैनुद्दीन म्हणाला, असू दे, अंतर राखलेलं कधीही चांगलं.

पंचमीच्या आदल्या रविवारी ते निघाले. आप्पांनी डबल बेल दिली, इतक्या वर्षांनी खऱ्या घंटेची, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. माढ्याच्या अलीकडे मैनुद्दीनही विनाकारण नाक पुसत होता.

गावात गाडी शिरली तेव्हा आणखी एक गोंधळ झाला. रविवारी शाळेची बस बघून खेळणारी पोरं उसात पळाली, आणि दोघातिघांच्या आया त्यांना ओढून बसपाशी घेऊन आल्या. त्यांची समजूत घालण्यात अर्धा तास गेला.

वैष्णवी धावत बाहेर आली. आईला बघून तिचा चेहरा फुलला, मग गाडी बघून पडला. "हे काय?"

"माजं घर," गोजरबाई खिडकीतून म्हणाली. "आज हितंच मुक्काम."

"मग ती रात्र तुज्या घरी काढलीस, माज्या घरी न्हाय. मी पंचमीला येणार न्हाय."

आप्पा दोरी धरून उभे राहिले. वर्षभराचा विचार, वरच्या खोलीचा स्लॅब आणि बिलालच्या पोटात गेलेल्या भाकऱ्या, सगळं वाया गेलं असं त्यांना वाटलं.

त्यात गोजरबाईचा नेम आणखी पुढचा. अंगण लेकीच्या सासरचं, म्हणून बसचं एकही चाक अंगणात नको, सगळी रस्त्यावर हवीत. रस्ता तर एका गाडीपुरता, आणि तो दिवस केळीच्या तोडीचा. दर थोड्या वेळानं केळी भरलेला ट्रॅक्टर यायचा, हॉर्न मारायचा. आप्पा डबल बेल द्यायचे, मैनुद्दीन बस पार ओढ्यावरच्या पुलापर्यंत नेऊन बाजूला घ्यायचा आणि पुन्हा आणायचा. आत तव्यावर भाकरी. अर्धी इथं भाजली, अर्धी पुलावर.

शेवटी सुगलाबाई कमरेवर हात ठेवून बाहेर आल्या. "विहीणबाई, सकाळधरनं किती हिंडताय? या की घरात."

"मी न्हाय येत," गोजरबाई म्हणाली. "तुमीच या माज्या घरी. गरम भाकरी हाय."

सुगलाबाईंनी आधी बसकडे पाहिलं, मग आपल्या घराकडे. मग पदर खोचून त्या लहान पायऱ्या चढून आत आल्या आणि दिवाणाच्या कडेला टेकल्या. गोजरबाईनं तव्यावरची भाकरी सरळ त्यांच्या ताटात टाकली, वर तूप घातलं, आणि पहिली संपायच्या आत दुसरी. सुगलाबाई खाता खाता थांबल्या.

"काय झालं? मीठ कमी पडलं का?"

"न्हाय," सुगलाबाई म्हणाल्या. "आई गेल्यापास्नं कुणी मला तव्यावरची गरम वाढली न्हाई. मीच सगळ्यांना वाढते." आणि पदरानं डोळे पुसून तिसरी मागितली.

जेवण झालं आणि त्या जरा अंग टाकते म्हणून दिवाणावर आडव्या झाल्या. ट्रॅक्टर येत राहिले, बस पुलापर्यंत जाऊन येत राहिली, घंटा वाजत राहिली, पण सुगलाबाई जाग्या झाल्या नाहीत. पाळण्यात घातल्यासारख्या झोपल्या. दिवस कलला. म्हैस ओरडू लागली.

"म्हशीला सासूबाईंचाच हात लागतो," वैष्णवी दारातून म्हणाली. "उठवू का?"

"खबरदार," गोजरबाई म्हणाली. "माज्या घरी पावण्या आल्यात त्या. झोपू दे."

"मग धार कोण काढंल?"

गोजरबाईनं पावण्यांच्या अंगावर चादर घातली. पायऱ्या उतरली. क्षणभर अंगणाच्या कडेला थांबली. तिथंच तिची बाटली घेऊन बसायची जागा होती. मग वैष्णवीच्या हातातली धारेची चरवी घेऊन आत गेली.

सकाळी आप्पा बसच्या पुढच्या बाकावर जागे झाले, ते सवयीप्रमाणे बसल्या बसल्याच. समोर लेकीच्या घराच्या उंबऱ्याच्या आतल्या बाजूला गोजरबाई बसली होती. वैष्णवी मागे बसून तिची वेणी घालत होती. गोजरबाईच्या हातात बशी होती आणि बशीत त्या घरचा चहा. आप्पांनी खिडकीचा गज घट्ट धरला. त्यांना हसू आणि रडू बरोबरच आलं.

"काय बघताय?" गोजरबाई तिथून म्हणाली. "मी राहिले न्हाय. विहीणबाई माज्या घरी झोपल्यात, मग त्यांचं घर कुणी राखायचं? राखण करणाऱ्यानं चहाबी प्यायचा न्हाय का?"

"पी की," आप्पा म्हणाले.

वैष्णवीनं पिशवी भरायला घेतली. निघायची वेळ झाली, ती बसमध्ये चढली, तरी सुगलाबाई दिवाणावरून उतरेनात. विरेशनं खालून विचारलं, "आई, उतर की. सोलापूरला निघाल्यात ते."

सुगलाबाईंनी खिडकीतून त्याला पिठाचा डबा कुठं आहे ते सांगितलं. भाकरी करताना पाणी कोमट घे, असंही सांगितलं. मग मांडी घालून बसल्या.

आप्पा दोरीला हात लावून उभे होते. आयुष्यभराची सवय, त्यांनी विचारलं, "कुटं जायचं?"

"म्हायेरी," सुगलाबाई म्हणाल्या.

आप्पांनी दोनदा दोरी ओढली.